ती खुर्ची आजोबांची होती

गेल्या बुधवारी मेलबर्नमध्ये माझा सपशेल पोपट झाला. चौदा महिन्यांच्या एका मुलीचं 'स्विच-ऑन' होतं, म्हणजे कॉक्लियर इम्प्लांट, ऐकू न येणाऱ्याच्या कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र, पहिल्यांदा सुरू करायचं. तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं तेव्हा कानामागचं हाड निम्मंअधिक मीच ड्रिल केलेलं. त्यामुळे खोलीत शिरलो तो थेट पुढच्या खुर्चीत. ऐकणं तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट बाई गोड आवाजात म्हणाल्या, "ती आजोबांसाठी ठेवलीय."

उठलो. मागे बघतो तर आमचे मुख्य सर्जन, तीस वर्षं फक्त कानच करणारा माणूस, बेसिनला टेकून उभे. मुलगी हातातला ठोकळा तसाच धरून थबकली, आईकडे वळली आणि तिनं जे भोकाड पसरलं! आई रडली, आजोबा रडले. साहेब दोन मिनिटांत गुपचूप सटकले.

आमच्याकडे शाल-श्रीफळ झालं असतं. दुसऱ्या दिवशी पेपरात मधोमध डॉक्टर, कडेला अर्धी कापलेली आई. असल्या फोटोंत मीही आहे, खोटं कशाला बोलू.

पण हाताच्या बाबतीत मी इथं कुणाला हार जात नाही, हेही सांगून टाकतो. मिरजेत शिकताना कान फुटलेल्या पेशंटची रांग संपायची नाही. मास्टॉइड, म्हणजे कानामागच्या हाडाची ऑपरेशनं, करून करून हात बसला. चेहऱ्याची नस आणि चवीची नस यांच्यामधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतून आत उतरायचं असतं. तिथं इथल्या पोरांचा श्वास अडकतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा साहेब नुसतं "हं" म्हणाले. ते "हं" मी अजून जपून ठेवलंय.

इथं नव्यानं शिकलो ते सावकाश जाणं. कॉक्लिया म्हणजे कानाच्या आतली अडीच वेढ्यांची गोगलगाय. तिच्यात इलेक्ट्रोडची तार घाईनं सारली तर उरलंसुरलं ऐकणंही जातं.

ही तार सारायची कशी, याचं उत्तर इथले कानाचे सर्जन ग्रॅम क्लार्क यांना 1977 मध्ये समुद्रकिनाऱ्यावर सापडलं. शंख उचलला आणि गवताची पाती आत सारून बघितली. टोकाला लवचीक आणि बुडाकडे ताठ होत जाणारं पातं वेढे घेत आत गेलं. पुढच्याच वर्षी, 1 ऑगस्ट 1978 ला, याच शहरात त्यांनी आपलं पहिलं इम्प्लांट बसवलं. त्यांचे वडील औषधाचे दुकानदार, कानानं अधू. पोरगा चालती प्रॅक्टिस सोडून संशोधनात शिरला, निधीसाठी टीव्हीवरून लोकांकडे पैसे मागितले. चालता दवाखाना सोडला! सांगलीत सासऱ्यांनी बैठक बोलावली असती.

असो. त्या मुलीची आई आता रोज आ, ई, ऊ, म, स, श हे सहा आवाज काढून यंत्र नीट चालतंय ना ते तपासणार. मग पोर बोलतं होईपर्यंत महिनोन्‌महिने थेरपी. आपल्याकडे केंद्राच्या एडिप या अपंगांसाठीच्या योजनेतून लहान मुलांना इम्प्लांट मोफत मिळतं, हे मी इथं कुणी भारताबद्दल नाक मुरडलं की हमखास ऐकवतो. पण जतच्या मजुराला दर आठवड्याला पोराला घेऊन यायचं म्हणजे रोज बुडवायचा. बाहेरची वायर तुटली की यंत्र ट्रंकेत. तिकडे कमी आहे ती त्या ऑडिओलॉजिस्ट बाईंसारख्यांची. आणखी एक ड्रिलवाला जाऊन काय दिवे लावणार, अशी मी स्वतःची समजूत घालतो.

रविवारी अब्बांना फोन केला. त्यांचा जन्म मिरजेत तंबोरे लावण्यात, जवारी काढून तारेचा सूर खुलवण्यात गेला. म्हटलं, आत 22 इलेक्ट्रोड असतात. "सप्तकातल्या श्रुतीही बावीसच की!" एकदम खूश. मग विचारलं, "गाणं कळतं का रे त्यांना?"

"बोलणं कळतं. सूर तेवढा नीट लागत नाही."

जरा वेळ काहीच बोलले नाहीत. "म्हणजे जवारी काढायची राहिलीय अजून."

परत कधी येणार, हे या वेळी त्यांनी विचारलं नाही. मीच आपला सांगत बसलो, फेलोशिप अजून वर्षभर वाढेल म्हणून.