ग्रीसचा व्हिसा आणि बाबांचा सातबारा

शेतकऱ्याच्या पोरीला परदेशात अभ्यास-सहलीला जायचं असलं, तर बापाची कमाई खरी आहे हे पटवून देण्यातच तिची निम्मी ताकद जाते. आमची ग्रीसची सहल झाली, मनासारखी झाली, तरी व्हिसा केंद्रातली ती खिडकी आठवली की अजून डोकं तापतं. म्हणून हे लिहितेय. पुढे आमच्यासारखी एखादी बॅच निघाली, तर निदान तिला तरी हेलपाटे पडू नयेत.

आम्ही प्राचीन भारतीय इतिहास आणि पुरातत्त्वाचे एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, बहुतेक कोल्हापूर-सांगलीकडचे. पांगायच्या आधी एकदा ग्रीस बघायचं, हे पहिल्या वर्षीच ठरलेलं. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, दानाचे लेख आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने लेणं कोरवल्याचा लेख आहे. पेरिप्लस हा ग्रीक भाषेतला ग्रंथ पैठण, तेर, कल्याण यांची नावं घेतो. आणि आमच्या कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये तिथल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेला ब्राँझचा छोटासा पोसायडन आहे. तो समुद्रदेव पंचगंगेच्या काठावर आला, तर आपण त्याच्या मुलखात का जाऊ नये, असं मॅडम म्हणाल्या आणि सगळा वर्ग कामाला लागला.

विमान, हॉटेल, बस हे ट्रॅव्हलवाल्यांनी बघितलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. विमा काढताना एवढंच बघा, की संरक्षण किमान ३०,००० युरोचं हवं आणि ते सगळ्या शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, चालणारं हवं.

खरी गाडी अडली ती व्हिसाच्या फायलीत. सहल वर्गाची असली तरी अर्ज ज्याचा त्याचा, फाइल ज्याची त्याची, बोटांचे ठसे ज्याचे त्याचे. ९० युरो शुल्क, वर केंद्राचं सेवाशुल्क, आणि नकार आला तर पैसे परत नाहीत. खर्च आईवडील करणार असतील तर त्यांचं हमीपत्र, बँकेचं स्टेटमेंट आणि तीन वर्षांचे आयटीआर, म्हणजे आयकराचे रिटर्न. वडील शिक्षक किंवा बँकेत असलेल्यांच्या फायली पंधरा मिनिटांत आत गेल्या. माझी फाइल उलटसुलट चाळून खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "फादरचे आयटीआर?"

"ते शेतकरी आहेत. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही."

"चेकलिस्टमध्ये आहे, मॅम."

मी सातबारा पुढे केला. आठ-अ पुढे केला. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पुढे केला. त्यांनी कागद हातातही घेतले नाहीत. "हे मराठीत आहे." आयटीआरचं पुन्हा तेच. मग त्यांनी बाबांच्या खात्याचं स्टेटमेंट उघडलं आणि फेब्रुवारीतल्या एका ओळीभोवती पेन्सिलीने गोल केला. वर्षभर खात्यात किरकोळ उलाढाल आणि त्या दिवशी एकदम मोठी रक्कम. "एवढे पैसे अचानक कुठून आले?"

अचानक! आमचा आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. लागण, भरणी, पाणी, खत, सगळं त्या काळात घरातून घालायचं, आणि तोड झाली की कारखाना एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराने उसाचे पैसे, एकरकमी खात्यात टाकतो. आमच्या भागातल्या प्रत्येक घराचं खातं असंच दिसतं. महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होतो, तसा ऊस जमा होत नाही. मी हे सगळं शांतपणे सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि कारखान्याची बिलाची पावती मागितली. ती माझ्याकडे होती. पण पावतीवर आकडा वेगळा आणि बँकेत जमा वेगळी, कारण विकास सोसायटीचं पीककर्ज बिलातूनच कापून घेतात. झालं, "रक्कम जुळत नाही" म्हणून फाइल परत.

मुंबईहून महालक्ष्मीने परतताना वर्गातल्या बाकीच्यांचे पासपोर्ट दूतावासाच्या वाटेवर होते आणि माझा माझ्या पिशवीत. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "माझ्यापायी तुझं अडलं व्हय?" त्या वाक्याचा राग मी अजून त्या खिडकीवर काढते. ज्या माणसाने कुणाचा रुपया बुडवला नाही, त्याला आपल्या कमाईची लाज वाटावी, अशी ती यादी बनवलेली आहे.

नवी अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागला, तेवढ्यात आम्ही कागद पुन्हा उभे केले. एका एजंटाने मागच्या वर्षांचे रिटर्न आत्ताच भरून टाका, असा सल्ला दिला होता. आमच्या सीएंनी साफ नको म्हणून सांगितलं. त्यांनी त्यांच्या लेटरहेडवर इंग्रजीत पत्र दिलं, की उत्पन्न फक्त शेतीचं आहे, तेव्हाच्या आयकर कायदा १९६१च्या कलम १०(१)नुसार ते करमुक्त आहे, म्हणून रिटर्न भरलेले नाहीत. सातबारा, आठ-अ आणि उत्पन्नाच्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी केली. बँकेच्या शाखेतून प्रत्येक पानावर शिक्का आणि सही घेतली. जिल्हा बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या पासबुकाची नुसती झेरॉक्स चालेल या भरवशावर राहू नका.

पण सगळ्यात मोलाचा कागद दिला तो कारखान्याच्या गट ऑफिसने. तिथल्या क्लार्कनी माझ्यासमोर बसून इंग्रजीत पत्र टाइप केलं: सभासद क्रमांक, गाळपाला गेलेलं टनेज, टनाचा दर, एकूण बिल, त्यातून सोसायटीला वळती केलेली रक्कम आणि खात्यात जमा केलेली रक्कम तारखेसह. खाली सही, गोल शिक्का. त्यांनी दोनदा विचारलं, "स्पेलिंग बरोबर आहे न्हवं?" त्या एका पानावर खिडकीतल्या बाईंच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं होती. मी ते स्टेटमेंटच्या बरोबर वर लावलं आणि स्टेटमेंटमधली ती ओळ स्वतःच अधोरेखित केली.

पुढच्या खेपेला खिडकीत दुसरे गृहस्थ होते. पुन्हा आयटीआर! तेव्हा मी ठाम राहिले. केंद्राचं काम कागद गोळा करायचं आहे, व्हिसा द्यायचा की नाही हे दूतावास ठरवतो. फाइल घ्या आणि आयटीआर नाही अशी नोंद करा, असं मी म्हटलं. त्यांनी एक छापील कागद काढला, अमुक कागद नसल्याची कल्पना अर्जदाराला दिली आहे असा, आणि त्यावर माझी सही घेतली. फाइल आत गेली. असा कागद असतो हे पहिल्या वेळी कुणी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते. घाबरून फाइल परत घेऊन येऊ नका.

शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी आणखी एक. शिक्षण संपत आलं, नोकरी नाही, मग परत कशाला येणार, असा संशय धरला जातो. नुसतं बोनाफाईड पुरत नाही. निकाल बाकी आहे आणि सहल विभागातर्फे आहे, हे कॉलेजच्या पत्रात स्पष्ट लिहून घ्या, सोबत सगळ्या वर्गाची यादी जोडा. माझ्या पत्रात मॅडमनी ते अगदी नेमकं लिहिलं होतं.

पासपोर्ट आला. पाकीट फोडून स्टिकर बघितला आणि आधी बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून त्यावरचं माझं नाव मोठ्याने वाचलं.

ग्रीसमधलं सगळं सांगत बसले तर वेगळा लेख होईल. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीचं तिकीट वेळेच्या स्लॉटचं असतं, दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि पूर्ण तिकीट ३० युरोंना आहे. सकाळी ८चा स्लॉट घ्या. वरचा संगमरवर पायांनी घासून गुळगुळीत झालाय, तेव्हा चपला-सँडल नकोत, पकड असलेले बूट घाला. पुरातत्त्वीय स्थळांवर परवानाधारक गाईडनेच माहिती द्यायची असा तिथला नियम आहे. म्हणून मॅडम आम्हाला बसमध्येच सगळं शिकवून ठेवायच्या आणि स्थळावर स्थानिक गाईड घ्यायच्या. १ मे रोजी सगळी स्थळं बंद असतात, महाराष्ट्र दिनाची सुट्टी धरून सहल आखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अथेन्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी दुपारी उघडतं.

त्याच संग्रहालयात मी सर्वांत जास्त वेळ थांबले. आर्टेमिसिऑनच्या समुद्रतळातून काढलेला तो ब्राँझचा देव, उंची २.०९ मीटर, दोन्ही हात फाकलेले, उजव्या हातातलं शस्त्र गेलेलं. तिथे वज्र होतं की त्रिशूळ, यावरून तो देवांचा राजा झ्यूस की पोसायडन हा वाद आहे, बरेच जण झ्यूसच म्हणतात. डोळ्यांच्या खोबणी रिकाम्या आहेत, पण भुवया आणि दाढीच्या बटा एकेक मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट आहेत. आमच्या वर्गातल्या प्रत्येकाने कोल्हापूरच्या पोसायडनचा फोटो मोबाईलवर काढून शेजारी धरला. गाईडबाईंना ब्रह्मपुरी ठाऊक नव्हती. मॅडमनी त्यांना सगळं समजावलं, आणि त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. त्या क्षणी मला फार अभिमान वाटला.

डेल्फी, मायसिनी, एपिडॉरस हेही झालं. एपिडॉरसच्या प्रेक्षागृहात सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसा, मित्राला खाली मधोमध उभं करून बोलायला सांगा, त्याचा आवाज वरपर्यंत ऐकू येतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण ४५पर्यंत लागू शकतात. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांनी बिल जमा झाल्या झाल्या गट ऑफिसचं पत्र इंग्रजीत मागून घ्यावं. हंगाम संपल्यावर तिथे सही करणारा माणूस भेटणं अवघड होतं.