कुरुकारुनींचं शिक्कामोर्तब

गाडी सात वर्षं जुनी होती, पण पसंत पडली होती. डीलरने कागदांची यादी पुढे सरकवली. जपानमध्ये पार्किंगच्या जागेचा पोलिसांकडून दाखला लागतो हे ऐकून होतो. दुसऱ्या ओळीवर मात्र अडलो. जित्सुइन, म्हणजे पालिकेत नोंदवलेला शिक्का. शिवाय तो माझाच आहे असा पालिकेचा दाखला, तोही तीन महिन्यांच्या आतला.

"सही चालणार नाही?"

त्याने दातांतून हवा आत ओढली. शिझुओकात दोन वर्षं काढल्यावर या आवाजाचा अर्थ कळतो.

2020 मध्ये तारो कोनो या मंत्र्यांनी सरकारी कामांतले शिक्के काढून टाकायचा सपाटा लावला होता. सुमारे 15,000 प्रकारच्या कामांपैकी बहुतेकांतून ते गेलेही. उरलेल्या मोजक्यांत गाडीची नोंदणी आहे. 660 सीसीची छोटी 'केइ' गाडी घेतली असती तर एवढंही लागलं नसतं, पण आमच्या घरात डिकी मोठी हवी होती.

आधी शंभर येनच्या दुकानात गेलो. तिथे फिरत्या स्टँडवर आडनावांचे तयार शिक्के टांगलेले असतात: सातो, सुझुकी, ताकाहाशी. 'क'च्या खणात किमुरा होते, कोबायाशी होते. कुलकर्णी कुठून असणार? आणि असला साच्यातला शिक्का गाडीसारख्या कामाला वापरणं म्हणजे घराला सगळ्या गल्लीच्या किल्लीचं कुलूप लावणं.

शेवटी स्टेशनमागच्या शिक्केवाल्या आजोबांकडे गेलो. जपानीत 'ल' नाही आणि जोडाक्षर फोडावं लागतं, त्यामुळे मी इथे 'कुरुकारुनी-सान' आहे. पाच अक्षरं. आजोबांनी कागदावर गोल काढून त्यात दोन उभ्या ओळी बसवल्या, उजवीकडे 'कुरुका', डावीकडे 'रुनी'. लाकूड त्सुगेचं, पिवळसर आणि साबणासारखं गुळगुळीत. ठसा 8 मिलीमीटरच्या चौकोनाहून मोठा आणि 25 मिलीमीटरच्या चौकोनात मावणारा हवा. रबराचा चालत नाही, कारण तो दाबला की पसरतो. हे सगळं सांगून ते म्हणाले, एक आठवडा, नऊ हजार येन.

काउंटरवर काचेखाली एक सोनेरी चौकोनी शिक्का होता, मुठीला वेटोळं घातलेला साप. मूळ शिक्का फुकुओकाच्या संग्रहालयात आहे. बाजू 2.3 सेंटीमीटर, वजन 108 ग्रॅम. 1784 मध्ये शिकानोशिमा बेटावर सापडला. इ.स. 57 मध्ये चीनच्या हान सम्राटाने इथल्या एका राजाला जो शिक्का दिला, तो हाच असं मानतात. आजोबा त्या प्रतिकृतीकडे बघत होते ते आपल्याकडे कुणी घरच्या देव्हाऱ्याकडे बघावं तसं.

आठवड्याने शिक्का घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलो आणि पंधरा मिनिटांत परत आलो. चूक माझीच होती. माझ्या रहिवासी नोंदीत नाव फक्त रोमन लिपीत होतं, आणि शिक्का काताकाना या जपानी लिपीत. नोंदीतल्या नावाशी न जुळणारा शिक्का ते घेत नाहीत. शेरा रकान्यात आधी काताकाना नाव चढवून घ्या, मग या. दुसऱ्या दिवशी ते चढवलं. बाईंनी ठसा घेऊन भिंगातून पाहिला, रेसिडेन्स कार्ड तपासलं आणि एक प्लास्टिकचं कार्ड हातात ठेवलं. ते दाखवून, 300 येन भरून दाखला मिळाला. त्यावर माझा ठसा छापलेला, खाली जन्मतारीख आणि पत्ता. स्वतःच्या आडनावाचा दाखला बघून उगाच छाती फुगली.

डीलरकडे खरी गंमत. त्याने टेबलावर रबरी चटई पसरली, शेंदरी शाईची डबी उघडली. शिक्का हातात घेतला तर वरची बाजू कुठली ते कळेना. साध्या शिक्क्यांना बोट ठेवायला खाच असते, याला नव्हती. आजोबांनी मुद्दामच पाडली नव्हती. दरवेळी थांबून, फिरवून बघायला लागावं, तेवढ्यात माणूस पुन्हा एकदा विचार करतो, असं त्यांचं म्हणणं. मी शाई लावली, शिक्का टेकवला, हळूच गोल दाब दिला. उजवी कड जरा फिकी आली. "चालेल," तो म्हणाला.

मग त्याने मुखत्यारपत्राच्या वरच्या समासात, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. इथेही एक. याला सुतेइन म्हणतात. पुढे मजकुरात काही दुरुस्ती निघाली तर ती या ठशाच्या आधारावर आमचीच आम्ही करू, तुम्हाला यायला नको.

माझा हात थांबला. आमचं आडनावच कागद सांभाळण्यावरून पडलेलं. घरी पत्र्याच्या पेटीत मोडी दस्त आहेत. लहानपणी माझ्या आजोबांनी त्यांवर बोट ठेवून दाखवलं होतं, वर शिक्का, आणि मजकूर संपला की मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर तर 'मर्यादेयं विराजते' असंच आहे, म्हणजे इथे मर्यादा झाली, यापुढे कुणी शब्द घुसडायचा नाही. आपल्याकडे शिक्कामोर्तब आता बोलण्यापुरतं उरलंय. जपान्यांकडे मोर्तबही शिल्लक आहे. मजकूर संपला आणि खाली जागा उरली तर तिथे उठवायच्या ठशाला ते तोमेइन म्हणतात, थांबवणारा शिक्का. आणि त्याच लोकांत हा सुतेइन, नेमका उलटा. पुढे काय घालायचं ते घाला म्हणणारा.

"पण दुरुस्ती कसली करणार?"

"पत्त्यातला एखादा आकडा. बहुतेकदा तेवढंच."

त्याने घाई केली नाही. मी आधी कागदाचा मोबाइलवर फोटो काढला, त्यालाही दिसेल असा. मग शिक्का फिरवून सरळ केला आणि उठवला.

दहा दिवसांनी गाडी आली, सोबत कागदांच्या झेरॉक्स. मुखत्यारपत्रावर समासातल्या माझ्या ठशाशेजारी बारीक, सुबक अक्षरांत लिहिलं होतं: दोन अक्षरं खोडली, दोन अक्षरं घातली. मोबाइलवरचा फोटो उघडून ताडून पाहिलं. माझ्याच अपार्टमेंटचा नंबर मी 203 ऐवजी 230 लिहिला होता.