हजेरी

31 ऑगस्ट, रात्री

वर्गात हजेरी चालू होती तेव्हा आज मन थाऱ्यावर नव्हतं. सकाळी निघताना आजी म्हणाली, "आज एकतीस तारीख. आपला दिवस." 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली याच दिवशी देशभर रद्द झाला. आजी तेव्हा आठ वर्षांची. सेटलमेंटचं, म्हणजे या जमातींना डांबून ठेवलेल्या वसाहतीचं, तारेचं कुंपण तिला अजून आठवतं. माझी पणजी गिरणीतून आली की तोंडावर पाणी मारायच्या आधी हजेरीला उभी राहायची. गुन्हा काय, तर कैकाड्याच्या पोटी जन्मली.

गेल्या वर्षी हॉस्टेलवर मैत्रिणीकडे अभ्यासाला गेले होते, तेव्हा तिथल्या एका मुलीची चेन हरवली. पहिली बॅग माझी उघडायला लावली. वह्या, डबा, ओढणी, एकेक वस्तू टेबलावर. दोन दिवसांनी चेन तिच्याच उशीच्या अभ्र्यात सापडली. मला कुणी चकार शब्द बोललं नाही. त्यानंतर पत्ता विचारला की मी "स्टेशनकडे" म्हणायला लागले. बॅग उघडली त्याची नाही, या उत्तराची मला लाज वाटते.

"तुझं काय, तुझी सीट पक्की," हे तर रोजचंच. विमुक्त जाती अ, म्हणजे 14 जाती मिळून 3 टक्के जागा. त्यासाठी जातवैधता लागते आणि वैधतेला 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा. आजोबा शाळेची पायरी चढले नाहीत, त्यांचा दाखला कुठून आणायचा? बाबांनी तीन उन्हाळे खेटे घातले. शेवटी चुलत आजोबांच्या शाळेतल्या नोंदीवर काम झालं. रजिस्टरचं पान वाळवीनं खाल्लेलं, जातीचा रकाना तेवढा शाबूत.

आज प्रकल्पाचे गट पाडताना मॅडमनी एकेकाला उठवून कुठे राहता ते विचारलं. माझी पाळी आली.

"सेटलमेंट."

आवाज जरा मोठाच निघाला. दोघीतिघींनी वळून पाहिलं. मॅडमनी लिहून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं.

सुटल्यावर मागच्या बाकावरची मुलगी जिन्यात थांबली होती. महिनाभर तिचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता. म्हणाली, "अगं, मी पण तिथलीच. माझ्या भावाची वैधता अडकलीय. तुमची फाईल बघायला मिळेल?"

उद्या दोघं घरी येणार आहेत. बाबांनी ट्रंकेतून पिवळी पिशवी काढून ठेवली आहे. त्या पानाची झेरॉक्स सगळ्यात वर.