चिठ्ठीवरचे ओडी, टीडीएस आणि एसओएस

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे जी दोन-तीन अक्षरे असतात, ती लिहिली जातात औषधविक्रेत्यासाठी. पण गोळी नेमकी किती वाजता, काही खाऊन की उपाशीपोटी द्यायची, हे शेवटी घरातल्याच कोणाला तरी ठरवावे लागते. म्हणून ही अक्षरे घरातल्या निदान एका माणसाला नीट वाचता आली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. आईची औषधे मीच पाहते, आणि तिच्या फाइलमधल्या चिठ्ठ्या वाचतावाचताच हे मत पक्के होत गेले.

ही संक्षिप्त रूपे बहुतेक लॅटिनमधून आलेली आहेत. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा आणि क्यूआयडी म्हणजे चारदा. एसी म्हणजे जेवणापूर्वी, पीसी म्हणजे जेवणानंतर, एचएस म्हणजे रात्री झोपताना आणि स्टॅट म्हणजे ताबडतोब. आपल्याकडे बरेच डॉक्टर याऐवजी १-०-१ असे लिहितात. त्यात सकाळ, दुपार, रात्र हा क्रम उघड दिसत असल्यामुळे मला तीच पद्धत अधिक सुरक्षित वाटते.

ओडी हे त्यातले सगळ्यांत सोपे रूप वाटते, पण ते केवळ किती वेळा एवढेच सांगते, केव्हा ते सांगत नाही. थायरॉइडची गोळी ओडी असते. ती सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यानंतर किमान चार तासांनी घ्यावी लागते, नाहीतर थायरॉइडचे औषध अंगी नीट लागत नाही. तीनही गोळ्यांपुढे नुसते ओडी असले आणि घरच्यांनी त्या चहाबरोबर एकदम दिल्या, तर चिठ्ठी तंतोतंत पाळूनही उपचार अपुरा पडतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तर याच ओडीचा अर्थ उजवा डोळा असा होतो आणि ओएस म्हणजे डावा डोळा. त्यामुळे थेंबांच्या औषधापुढे ओडी दिसले, तर ते दिवसातून एकदा की उजव्या डोळ्यात, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

टीडीएसच्या बाबतीत प्रश्न अंतराचा असतो. तीनदा म्हणजे आपण नाश्ता, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण असे धरतो, पण त्यात रात्री नऊ ते सकाळी नऊ असा बारा तासांचा खंड पडतो. काही प्रतिजैविके साधारण आठ-आठ तासांनी द्यायची असतात, तर काही वेदनाशामकांना पोटात अन्न असणे जास्त महत्त्वाचे असते. यांपैकी आपल्या गोळीला काय लागू आहे, हे त्या तीन अक्षरांतून कळत नाही.

सर्वांत जास्त सावधगिरी एसओएसला हवी. याचा अर्थ गरज पडल्यास. तापासाठी पॅरासिटामॉल एसओएस लिहून दिलेले असते, पण दोन गोळ्यांत किती तासांचे अंतर ठेवायचे आणि दिवसात जास्तीत जास्त किती घ्यायच्या, हे क्वचितच लिहिलेले असते. निरोगी प्रौढ माणसासाठी चोवीस तासांत ४ ग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा मानली जाते, आणि यकृताचा आजार असेल तर ती आणखी कमी असते. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन्ही चालू असतील तर त्याचे एकूण प्रमाण कोणाच्याही लक्षात न येता वाढत जाते.

इन्सुलिनच्या युनिटसाठी नुसते यू हे इंग्रजी अक्षर लिहिले, तर ते शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० वाचले जाऊ शकतात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली रुग्णालयांसाठी काढलेल्या वर्ज्य संक्षेपांच्या यादीत हा यू आहे. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचे आणि पेनमधले १०० युनिटचे असते, म्हणून सिरिंज त्या-त्या प्रमाणाचीच लागते. भारतीय वैद्यकीय परिषदेने २०१६ साली औषधांची मूळ (जेनेरिक) नावे सुवाच्य आणि शक्यतो इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहावीत असा नियम केला, पण ती नावे स्पष्ट झाली तरी पुढची दोन अक्षरे तशीच राहतात.

आमच्या कोपऱ्यावरचे मेडिकलवाले काका प्रत्येक पाकिटावर पेनाने ‘सकाळी १, रात्री १, जेवल्यावर’ असे लिहून देतात. सगळ्यांनीच हे मागून घ्यावे. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते अगदी अत्यावश्यक समजावे, कारण ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि चुकून रोज घेतल्यास जीवावर बेतू शकते. तिच्या पाकिटावर नुसते ‘एकदा’ लिहून चालणार नाही. तिथे वाराचे नाव हवे, आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही हवे.