"मग सकाळी दुसरी सलाईन लावणार का?"

नऊ वर्षांपूर्वी एका रात्री निफाडकडचे एक शेतकरी आमच्या अतिदक्षता विभागात वारले आणि त्यांच्या पत्नीला ती बातमी सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मावशी दाराबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवर नायलॉनची पिशवी होती आणि तिच्यातून यजमानांसाठी आणलेला, घडी घातलेला स्वच्छ सदरा डोकावत होता. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "आम्ही खूप प्रयत्न केले, पण त्यांनी उपचारांना प्रतिसाद दिला नाही." त्यांनी मान हलवली, क्षणभर थांबल्या आणि विचारले, "मग डॉक्टरसाहेब, सकाळी दुसरी सलाईन लावणार का?"

माझ्या वाक्यात मृत्यूचा उल्लेखच नव्हता. त्यांना जपण्यासाठी मी तो टाळला, अशी माझी त्या वेळी समजूत होती. प्रत्यक्षात मला तेथून लवकर सुटायचे होते. शेवटी बाजूला उभ्या असलेल्या सिस्टरांनी मावशींचा हात धरून "मालक वारले हो, मावशी" असे सांगितले आणि मग त्यांना कळले.

"वारले" हा आपल्या भाषेतला फार चांगला शब्द आहे, कारण त्यात आदर आहे आणि संदिग्धता अजिबात नाही. "गेले" म्हटले, तर दुसऱ्या वॉर्डात नेले का, असे विचारणारे नातेवाईक मला भेटले आहेत; "सीरियस" हा शब्द तर आपण इतक्या प्रकारे वापरतो की त्यातून कुणाला काहीच कळत नाही. आता मी आधी खुर्ची ओढून बसतो, फोन सिस्टरांकडे देतो, तुम्हाला आतापर्यंत काय सांगितले आहे ते विचारतो, बातमी वाईट आहे असे सांगतो आणि मग तो शब्द उच्चारतो. त्यानंतर गप्प बसणे सर्वांत अवघड जाते, कारण रडणाऱ्या माणसासमोर वैद्यकीय कारणे सांगत सुटण्याचा मोह मला अजूनही होतो.

वाईट बातमी कशी द्यावी, याची सहा पायऱ्यांची 'स्पाइक्स' ही पद्धत वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली मांडली. आपल्याकडे एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादाचे रीतसर शिक्षण 2019 पासून आले. मी शिकलो तेव्हा मात्र हा विषय कोणी शिकवत नसे.

आणखी एक शब्द मला सलतो. माणूस वारल्यावर पाच मिनिटांत आपण "बॉडी कधी नेणार?" असे विचारतो. बिल, मृत्यूच्या कारणाचा दाखला, शववाहिका हे सगळे बोलावे लागतेच, पण "बाबांना घरी कधी न्यायचे आहे?" असे विचारायला एक क्षणही जास्त लागत नाही.

दहाव्याचे विधी उरकून त्या शेतकऱ्यांचा मुलगा नाशिकच्या रामकुंडावरून थेट माझ्याकडे आला. डोक्यावरचे केस नुकतेच उतरवलेले होते. "दोन दिवस आधी आणले असते, तर वाचले असते का?" एवढेच त्याला विचारायचे होते. "तुमची काही चूक नाही" असे म्हणून त्याला वाटेला लावणे सोपे होते, पण ते त्याला पटले नसते. मी त्याला सांगितले की लवकर आणले असते तर वाचण्याची शक्यता काहीशी वाढली असती. परंतु आधीचे दोन दिवस नुसता ताप होता, त्यावरून फुप्फुसातला संसर्ग इतका पसरेल हे घरच्या कुणालाच ओळखता आले नसते, आणि दम लागला त्याच रात्री तुम्ही गाडी काढलीत. तो बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे आईला सांगाल का? ती दहा दिवस हेच विचारते आहे."

मावशी खाली गाडीत, मागच्या सीटवर बसल्या होत्या. मी दार उघडून त्यांच्या शेजारी बसलो.