तीनचा आकडा

जुलै २०२३. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या एका क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता ते दिवस. वीस किलोच्या एका क्रेटला! जुन्नर तालुक्यात ज्याच्याकडे पिकअप होती तो त्या महिन्यात झोपतच नव्हता. संध्याकाळी माल भरायचा, ओतूरवरून माळशेज उतरायचा, मुरबाड-कल्याण करत पहाटेच्या आत वाशी गाठायची, आणि येताना कल्याण-भिवंडीकडून मिळेल तो माल घेऊन पुन्हा घाट चढायचा.

मी तिथून जवळच एका कंपनीच्या डीलरकडे वर्कशॉपमध्ये काम करतो. टेस्टर लावून गाडीचं दुखणं शोधणं आणि वॉरंटीच्या क्लेमची फाईल तयार करणं ही दोन्ही कामं माझ्याकडे. त्या सकाळी मी गेट उघडून आत आलो, तर तात्यांची पिकअप ट्रॅक्टरला टोचन करून आणून उभी केलेली. मागच्या हौद्यात फरशीच्या पेट्या, वर ताडपत्री. तात्या स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. रात्रभर घाटात होते.

"घाट निम्मा चढलो साहेब, आणि मागं नुसता काळा लोट. मग निळा धूर. मग खटखट सुरू झाली, म्हणून बंद केली."

गाडी ऑगस्ट २०२१ ची, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची, बीएस-६. पळालेली ७८ हजार किलोमीटर. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. तात्यांच्या आवाजात भीती होती, पण थोडा धीरही होता, कारण गाडी वॉरंटीत होती. चहा सांगितला आणि मी टेस्टर लावला.

फॉल्ट एकही नव्हता. ज्या इंजिनातून निळा धूर येतो, आतून खटखटतं, त्याच्या इसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, बिघाडाचा एकही कोड नाही, हे मला तिथंच खटकलं. सॉफ्टवेअरचा नंबर पाहिला, तो कंपनीचाच. त्याची पडताळणीची संख्या पाहिली, तीही जुळली. मग मी ते पान उघडलं, जिथं इसीयूत आजवर कितीदा नवा प्रोग्राम घातला गेला त्याची मोजणी असते. आमच्या रेकॉर्डला या गाडीत एकदाच अपडेट झालेला, २०२२ च्या सर्व्हिसला, माझ्याच हातानं. पडद्यावर आकडा होता तीन.

एक आमचा. मग उरलेले दोन कुणाचे? एकदा कुणीतरी दुसरा प्रोग्राम घातला आणि एकदा काढून परत कंपनीचा ठेवला. दुसरा हिशोब बसत नव्हता. शेवटची नोंद आदल्या रात्रीची होती.

मी तात्यांच्या शेजारी जाऊन बसलो. विचारलं, "तात्या, रात्री घाटात कोण आलं होतं लॅपटॉप घेऊन?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "खोटं कशाला बोलू तुमच्याशी."

जूनच्या मध्यात त्यांच्या पुतण्यानं पुण्याकडचा एक ट्युनिंगवाला आणला होता. अठरा हजार घेतले. पंच्याहत्तर हॉर्सपॉवरची गाडी पंच्याण्णवची करून देतो, घाटात तिसऱ्यातून चौथा पडेल, डिझेलही कमी खाईल. आणि वर शब्द दिला होता: सर्व्हिसला नेण्याआधी फोन करा, कंपनीची फाईल परत घालून देतो, कुणाच्या बापाला कळत नाही. शब्द त्यानं पाळला खरा. रात्री दोन वाजता घाटात येऊन, मेलेल्या इंजिनावर त्यानं कंपनीची फाईल घातली, सगळे फॉल्ट पुसले आणि निघून गेला.

ट्युनिंग म्हणजे नेमकं काय करतात, हे गाडीवाल्यांना कुणी नीट सांगत नाही. कॉमन रेल इंजिनात सगळ्या सिलिंडरांना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, दाबाखालचं डिझेल जातं. ते किती सोडायचं, कधी सोडायचं, रेलमध्ये दाब किती ठेवायचा, टर्बोनं किती हवा भरायची, हे सगळं इसीयूतल्या तक्त्यांवर चालतं. त्यातच एक धुराची मर्यादा असते: एवढी हवा असेल तर जास्तीत जास्त एवढंच डिझेल. ट्युनिंगवाला ओबीडीच्या सॉकेटमधून, म्हणजे जिथं आम्ही टेस्टर लावतो तिथूनच, हे तक्ते बदलतो. लोखंडाला हात लागत नाही, एक पानासुद्धा फिरत नाही, म्हणून माणसाला वाटतं की आपण गाडीत काही केलंच नाही.

ताकद वाढते हे खरं आहे. मी स्वतः अशा गाड्या चालवल्यात. पण कंपनीनं इंजिनात जी शिल्लक ठेवलेली असते ती विसरून ठेवलेली नसते. उन्हाळ्यातली चाळीसची दुपार, एअर फिल्टरमध्ये भरलेली मातीची धूळ, कुठल्यातरी पंपावरचं हलकं डिझेल, दीड टनाच्या जागी भरलेला दोन टन माल, आणि या सगळ्यासकट सलग वीस मिनिटं पाय दाबून चढलेला घाट. ती शिल्लक यासाठी असते. शहरातल्या माणसाच्या मोटारीला पूर्ण ताकद लागते ती ओव्हरटेकच्या आठ-दहा सेकंदांपुरती. माल भरलेल्या पिकअपला ती सबंध घाटभर लागते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि जळत्या डिझेलची ज्वाला याच्या कितीतरी वर असते. खालून तेलाची पिचकारी पिस्टनला गार करत राहते आणि डिझेल वेळेत जळून संपतं, म्हणून तो टिकतो. डिझेल जास्त सोडलं आणि हवा पुरली नाही, की जळणं लांबतं आणि उष्णता निघून जायला वाव मिळत नाही.

दुपारी इंजिन खोलायला घेतलं. हेड उतरवायच्या आधी हवेचे पाईप काढावे लागतात. टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीकडे, जाणारा रबरी होज मी हातात घेतला आणि त्याच्या खालच्या बाजूला बोटं चिकट लागली. उलटा केला. क्लिपच्या जवळ, खाली, सहजी दिसणार नाही अशा ठिकाणी दोन बोटं लांबीची चीर होती. नुसता धरला तर बंद. दोन्ही हातांनी वाकवून दाबला, की चीर तोंडासारखी उघडायची आणि आतलं काळं, तेलकट अस्तर दिसायचं. कडा ताज्या नव्हत्या. रबर तिथं कडक झालं होतं आणि त्यावर तेलात कालवलेल्या धुळीचा थर जमला होता, नखानं खरवडला तर पापुद्रा निघत होता. ही चीर कालची नव्हती. महिन्या-दोन महिन्यांची होती.

तो पाईप हातात घेऊन मी किती वेळ उभा होतो सांगता येणार नाही. कारण मला मे महिना आठवला.

मे महिन्यात तात्या माझ्याकडे आले होते. तक्रार एकच: माल भरून घाट चढताना गाडी ओढत नाही, दम तोडते. मी टेस्टर लावला, फॉल्ट नव्हता. हायवेला आळेफाट्यापर्यंत चालवून आणली. रिकामी. छान पळाली. जॉबकार्डावर लिहिलं, "टेस्ट ड्राइव्ह घेतली, ओके." रिकाम्या गाडीत टर्बोचा दाब घाटाइतका चढतच नाही, मग चीर उघडणार कशी? भरून नेली असती तर पहिल्या चढालाच कळलं असतं. अकराशे रुपयांचा पाईप. रबरी भाग म्हणून वॉरंटीत बसला नसता तरी अकराशेच रुपये.

मी ओके लिहून दिलं, म्हणून त्यांना वाटलं की कंपनीची गाडीच एवढी. आणि कमी पडणारी ताकद विकत देणारा माणूस त्यांना महिन्याभरात भेटला.

पुढचं सगळं एकात एक आहे. इसीयू हवा मोजतो ती फिल्टरजवळच्या सेन्सरवर, आणि चीर त्याच्या पुढे. म्हणजे मोजलेली हवा पूर्ण, इंजिनात पोहोचलेली अपुरी. मूळ प्रोग्राममध्ये डिझेलला लगाम होता, म्हणून गाडी फक्त मंद ओढायची. नव्या फाईलनं लगाम सैल केला, डिझेल वाढलं, दाब वाढवला म्हणून चीर आणखी उघडली, आणि गळती भरून काढायला टर्बो जास्त फिरायला लागला. काळ्या धुरानं डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरत चालला. त्याची लाईट तात्यांनी पाहिली होती. ट्युनिंगवाल्यानं फोनवर सांगितलं, काही नसतं, चालवा.

हेड निघालं. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनवर, मधल्या खोलगट वाटीची एका बाजूची कड वितळून खाली ओघळली होती. मेणबत्तीचा ओघळ थिजतो तशी. लाइनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, वरपासून खालपर्यंत ओरखडे. टर्बोच्या शाफ्टला बोटानं हलवलं तर जाणवेल एवढी ढिलाई. तात्या बघत होते. त्यांनी त्या ओघळावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे वॉरंटीत बसंल?"

मी सांगितलं, अवघड आहे. त्यांनी माझा हात धरला. "साहेब, तो तीनचा आकडा लिहू नका. तेवढं करा. पोराची फी, गाडीचा हप्ता, सगळं याच्यावर हाय."

चोवीस वर्षांचा असताना कदाचित मी तो आकडा गाळला असता. पण क्लेमचा वितळलेला पिस्टन कंपनीकडे जातो, इसीयूची माहिती टेस्टरमधून आपोआप वर जाते. लपवलं असतं तरी पकडलं गेलं असतं, आणि मग तात्यांच्या नावावर फसवणुकीचा शेरा बसला असता. मी त्यांना हे समजावलं. मग म्हटलं, "आकडा लिहीन. पण हा पाईपही लिहीन, आणि मे महिन्यातलं जॉबकार्ड जोडीन." त्या वेळी त्यांना त्याचा अर्थ लागला नाही.

आमच्या मॅनेजरना मात्र लागला. पाईपचा उल्लेख कशाला, रिजेक्ट व्हायचाच आहे क्लेम, असं ते म्हणाले. मी तो काढला नाही. फोटो जोडले: चीर बंद असताना एक, दाबून उघडलेली एक. खाली लिहिलं की मे महिन्यात ग्राहकानं हीच तक्रार दिली होती आणि गाडी भार न भरता तपासली गेली.

चौथ्या दिवशी कंपनीचे एरिया इंजिनिअर आले. इंजिनाचा क्लेम त्यांनी नाकारला. पुस्तिकेत स्पष्ट आहे, इंजिनाचा प्रोग्राम बदलला तर त्यानं झालेल्या नुकसानीला वॉरंटी नाही. हे मला मान्यच होतं. पण त्यांनी पुढं लिहायला घेतलं की गाडीची संपूर्ण वॉरंटी रद्द. तात्यांच्या पॉवर स्टिअरिंगच्या पंपाची गळती आधीच नोंदवलेली होती, त्यावरही काट मारायला निघाले. तिथं मी अडलो. पुस्तिका उघडून तीच ओळ त्यांच्यासमोर ठेवली: "त्यानं झालेल्या." स्टिअरिंगच्या पंपाचा सील इंजिनात जास्त डिझेल गेल्यानं फाटत नाही. अर्धा तास वाद झाला. स्टिअरिंगचा क्लेम पास झाला, आणि इंजिन व इंधनाची यंत्रणा सोडून बाकी वॉरंटी कायम राहिली. गाडीवाल्यांना हे माहीत नसतं. एका कारणासाठी नकार आला की ते सगळंच सोडून देतात.

तात्यांनी ग्राहक आयोगाचंही विचारलं. मी खरं ते सांगितलं: धंद्याची गाडी असली तरी स्वतः चालवून पोट भरणारा माणूस कायद्यानं ग्राहकच असतो, दाद मागता येते. पण ट्युनिंगचा मुद्दा तिथंही निघणार. शिवाय नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, आणि बेकायदा बदलाला मालकालाच पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ट्युनिंगवाल्यानं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. तात्यांनी त्याला फोन लावला, तेव्हा म्हणाला, माझी फाईल बरोबर होती, तुमची गाडीच खराब होती. अर्धं खरं होतं त्याचं. पण फाईल घालण्याआधी एकदा भरल्या गाडीचा दाब मोजला असता, तर मला न सापडलेली चीर त्याला सापडली असती. त्याबद्दल तो अठरा हजार घेत होता.

आमच्या डीलरशिपच्या मालकांनी माझा रिपोर्ट आणि ते जुनं जॉबकार्ड दोन्ही वाचलं. मला एक शब्द बोलले नाहीत. मजुरी पूर्ण माफ केली. तरी पार्ट्सचे एक लाख अडतीस हजार तात्यांना भरावे लागले. गाडी एकोणीस दिवस उभी राहिली, टोमॅटोच्या त्या भावात. तेवढ्या दिवसांत ते दुसऱ्याच्या गाडीवर रोजंदारीनं ड्रायव्हर म्हणून गेले.

विसाव्या दिवशी गाडी तयार झाली. मी हौद्यात वाळूच्या गोण्या भरायला लावल्या, काट्यावर वजन करून दीड टन. तात्यांना म्हटलं, चला. माळशेज उतरून खाली गेलो, गाडी वळवली आणि टेस्टर मांडीवर घेऊन बसलो. पाऊस पडत होता, समोरचं वळण धुक्यात अधूनमधून दिसत होतं. तात्या चालवत होते, मी पडद्यावर दोनच आकडे बघत होतो, मिलिबारमध्ये: इसीयूनं टर्बोकडून मागितलेला हवेचा दाब आणि मिळालेला दाब. मागणी २२००, मिळतोय २१८०. मागणी २२५०, मिळतोय २२४०. वळण संपून चढ लागला तरी दोघं बरोबरीनं चालले होते. तात्यांनी तिसरा टाकला, पाय दाबला. गाडीनं ओढ घेतली.

"अशी ओढायची ही नवी होती तेव्हा," ते म्हणाले.

वर आल्यावर गाडी कडेला लावली. तात्यांनी आरशात मागं धूर आहे का पाहिलं, मग उतरून सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून आले. मग खिडकीपाशी उभं राहून माझ्या मांडीवरच्या जॉबकार्डाकडे बोट केलं.

"या खेपेला नीट लिवा साहेब."

मी ओके लिहिलं नाही. तारीख, वेळ, काट्याची पावती, चढ कुठून कुठपर्यंत, आणि दाबाच्या दहा जोड्या एकाखाली एक उतरवल्या. तात्यांनी त्या वाचून घेतल्या आणि मग सही केली.