टेनेसीच्या ताठ होणाऱ्या शेळ्या

कोणीतरी फटकन छत्री उघडतं आणि अख्खा कळप पाय ताठ करून आडवा होतो, असे फेंटिंग गोट्सचे, म्हणजे ‘बेशुद्ध पडणाऱ्या शेळ्यां’चे, व्हिडिओ मला सतत फॉरवर्ड होत असतात कारण आम्ही अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात राहतो. म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं, माझा या शेळ्यांवर फार जीव आहे.

पहिली गोष्ट, त्या बेशुद्ध पडत नाहीत. त्यांना मायोटोनिया कंजेनिटा नावाची जन्मजात अवस्था असते. आपला स्नायू आवळला की लगेच सैल पडतो, त्यासाठी स्नायूच्या पेशीत मिठातलं क्लोराइड आत यावं लागतं, आणि ज्या वाटेने ते येतं ती वाटच या शेळ्यांमध्ये नीट चालत नाही, म्हणून दचकून पळायला गेलं की स्नायू आवळतो आणि थोडा वेळ तसाच राहतो. मेंदू पूर्ण जागा असतो. माणसांमध्येही हे असतं, डेन्मार्कच्या युलियस थॉमसेन नावाच्या डॉक्टरने १८७६ मध्ये स्वतःच्या आणि घरच्यांच्या त्रासावरूनच ते लिहून ठेवलं, आणि पुढे त्यामागचं कारण शोधताना शास्त्रज्ञांना याच शेळ्यांचा फार उपयोग झाला.

नॅशव्हिलच्या दक्षिणेला लुईसबर्गच्या बाजूला एका शेतकरी काकांकडे आम्ही जातो, तिथे हे अगदी जवळून बघायला मिळतं. आणि भीतीच लागते असं नाही हां, आनंदानेही होतं! खुराकाची बादली वाजली की सगळ्या पळत सुटतात, त्यात एखादं करडू मध्येच लाकडासारखं ताठ होतं, मागचे पाय पसरतात आणि ते हळूच कुशीवर कलंडतं. डोळे टक्क उघडे, तोंडात गवताची काडी असेल तर ती चावणं चालूच. दहा-पंधरा सेकंदांत उठतं, चार पावलं अवघडत टाकतं आणि परत बादलीकडे. मोठ्या शेळ्या सहसा पडत नाहीत, त्या अनुभवाने शिकलेल्या असतात, ताठ होतोय असं वाटलं की पाय फाकवून उभ्या राहतात नाहीतर कुंपणाला टेकतात.

लुईसबर्ग म्हणजे मार्शल काउंटी, आणि ही जात तिथलीच मानतात. १८८० च्या दशकात टिन्सली नावाचा एक माणूस कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाकडून चार शेळ्या घेऊन तिथे आला, आणि त्या त्याने तिथल्या डॉ. मेबेरींना ३६ डॉलरला विकल्या असं सांगतात. शेतकऱ्यांना त्या आवडल्या कारण त्या उड्या मारत नाहीत, साधं कुंपण पुरतं. आमच्या गावाकडच्या उस्मानाबादी शेळ्या, ज्या भिंतीवर, बैलगाडीवर, झाडाच्या खोडावर कुठेही चढतात, त्या बघत मोठं झालेल्याला याची किंमत लगेच कळते. शिवाय स्नायू सारखे आवळत राहिल्याने अंगावर मांस भरपूर असतं, म्हणून मटणासाठीही पाळतात. १९५० च्या दशकात काही टेक्सासला नेल्या आणि तिथे निवडून निवडून मोठ्या आकाराच्या केल्या.

पण १९९३ नंतर अमेरिकेत दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर जातीच्या मटणाच्या शेळ्या आल्या, वाढ जोरात, पैसा चांगला, आणि मग त्यांच्याशी या शेळ्यांचा संकर सुरू झाला. शुद्ध कळप जपणारे लोक आहेत म्हणून ही जात टिकली. मला वाटतं कौतुक या लोकांचं व्हायला हवं, छत्री उघडणाऱ्याचं नाही. व्हिडिओसाठी मुद्दाम दचकवणं मला अजिबात पटत नाही, पडताना खाली दगड असेल, पाण्याचा हौद असेल तर करडाला इजा होणारच ना, आणि कुत्रा किंवा कोयोट (कोल्ह्या-लांडग्यासारखा इथला जंगली प्राणी) मागे लागला तर ही शेळी पळूच शकत नाही, त्यामुळे राखणीला मोठे कुत्रे आणि रात्री बंद गोठा लागतोच.

घरी पाळायला मात्र खरंच गोड, शांत, माणसाळलेल्या असतात. कोणाला घ्यायच्याच असतील तर एकटी घेऊ नका, कळपाचं जनावर आहे, दोन तरी हव्यात. खूर वेळच्या वेळी कापा, जंतांवर लक्ष ठेवा, चढायला उंच ओटे ठेवू नका. काका तर पाहुण्यांना गेटवरच सांगतात, आत टाळ्या वाजवायच्या नाहीत, आणि लहान मुलांच्या हातात खुराकाची बादली देऊन टाकतात.